थोरल्या जावयाचा कॅमेरा

एका घरातले दोन जावई. दोघांना सासुरवाडीत नावानं कुणी हाक मारत नाही. एक थोरले, एक धाकटे, एवढ्यावर काम भागतं. ही हकीकत थोरल्यांची.

थोरले एका दुमजली दवाखान्यात एक्स-रे काढतात. एकोणीस वर्षं झाली. तिथलं मशीन जुनं. समोर माणूस उभा राहिला की त्याच्या अंगात हाड किती, मांस किती हे नजरेनं जोखायचं आणि त्याप्रमाणे बटणं फिरवायची. पहिलवानाच्या छातीला जास्त, म्हातारीच्या मनगटाला कमी. मग आडोशाला जाऊन ठरलेलं वाक्य म्हणायचं, "श्वास घ्या. धरून ठेवा. हं, सोडा." कामात त्यांचा हात इतका बसलेला की डॉक्टरांनी एक्स-रे परत काढायला सांगितल्याचं कुणाला आठवत नाही.

सासुरवाडीत मात्र त्यांचा मान वेगळ्याच कारणानं होता. त्यांच्याकडे कॅमेरा होता. कुणाचा वाढदिवस असो, पाहुणे आलेले असोत, जेवणं आटोपली की सासूबाई म्हणायच्या, "जावईबापू, काढा की आपला एक." आपला एक म्हणजे सगळ्यांचा मिळून. थोरले गळ्यातला पट्टा सरळ करायचे, उंच माणसांना मागं ढकलायचे, सासऱ्यांना चष्मा पुसायला लावायचे आणि बटण दाबायचे. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचं गोल चाक कायम 'ऑटो'वर. ते फिरवता येतं हे त्यांना ठाऊक होतं, जसं छपरावर चढता येतं हे आपल्याला ठाऊक असतं. पण चढायचं कशाला?

सासऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत नऊ फोटो लागले होते. नऊच्या नऊ थोरल्यांनी काढलेले. पाण्याचा पेला हातात घेऊन ते त्या भिंतीसमोर उगाच जरा जास्त वेळ उभे राहत.

मग धाकटी मेहुणी लग्न करून गेली आणि धाकटे आले. फरशा विकणाऱ्या दुकानात नोकरी, गडी हसतमुख, कुणाशीही दोन मिनिटांत गप्पा. त्याचंही थोरल्यांना काही नव्हतं. पण सासूबाईंच्या वाढदिवसाला धाकट्यांनी पिशवीतून एक काळाभोर, जाडजूड कॅमेरा बाहेर काढला. त्याच्या काचेचं तोंड चहाच्या कपाएवढं. "नवीनच घेतलाय," ते म्हणाले, "अजून काही कळत नाही यातलं." आणि स्वयंपाकघराच्या दारात हसत उभ्या असलेल्या सासूबाईंचा त्यांनी एक फोटो काढला.

आठवडाभरात तो फोटो मोठा होऊन घरी आला. सासूबाईंचा चेहरा उजळलेला, डोळ्यांत पाणी तरारलेलं, आणि मागचं फडताळ, डबे, दोरीवरचे टॉवेल सगळं लोण्यासारखं विरघळून गेलेलं. सासऱ्यांनी थोरल्यांनी काढलेला सासूबाईंचा फोटो उतरवला आणि त्याच खिळ्यावर हा टांगला. जुना काढून त्यांनी जपून कपाटात ठेवला, पण ठेवला कपाटातच.

"कसा आलाय?" सासूबाईंनी विचारलं.

"वा," थोरले म्हणाले. आणि पानावर जाऊन बसले. परत येताना बायको म्हणाली, "जेवताना गप्प होतात."

"डोकं दुखत होतं."

"डोकं होय? मला वाटलं पोट."

बायको आपल्या नवऱ्याला ओळखून होती.

त्या दिवसापासून थोरल्यांना एकच ध्यास लागला. तोच कॅमेरा घ्यायचा. तोच कशाला, त्याच्यावरचा घ्यायचा. घरच्यांच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर धाकटे रोज काही ना काही टाकायचे. मांजर, पायऱ्या, बायकोच्या कानातलं. खाली सगळ्यांचे लाल बदाम. थोरले दवाखान्यातल्या रिकाम्या वेळात तो फोटो बोटांनी ताणून मोठा करायचे आणि खोट शोधायचे. एकदा मांजराच्या डोळ्यांऐवजी कान स्पष्ट आलेला सापडला. त्या दिवशी घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "चेहरा फुललाय तुमचा. कुणाचं वाकडं झालं?"

शेवटी एका शनिवारी ते जुना कॅमेरा पिशवीत घालून कॅमेऱ्यांच्या दुकानात गेले. दुकान एका बाईंचं. पन्नाशीच्या, केस कापलेले, चष्मा कपाळावर. नव्याजुन्या कॅमेऱ्यांची खरेदी-विक्री आणि दुरुस्ती त्या एकट्याच बघत. थोरल्यांनी आपला कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि धाकट्यांच्या कॅमेऱ्याचा नंबर सांगितला. "त्याच्यापेक्षा वरचा दाखवा. हा बदल्यात घ्या."

बाईंनी कॅमेरा उचलला, चष्मा नाकावर आणला आणि वरचं चाक पाहिलं. चाक एका जागी घट्ट बसलं होतं. बाकीची अक्षरं नव्या कोऱ्या नाण्यासारखी.

"किती वर्षं वापरताय?"

"अकरा."

"आणि हे चाक किती वेळा फिरवलंत?"

थोरले काचेतल्या नव्या कॅमेऱ्यांकडे बघायला लागले.

"याच्यात जे आहे ते तुम्ही वापरलंच नाहीये," बाई म्हणाल्या. "नवा दिला तर तोही ऑटोवरच ठेवाल. महिन्यानं येऊन म्हणाल, बाई, हाही खराब निघाला. मला असे पुष्कळ भेटतात."

"तुम्हाला विकायचाय की नाही?"

"विकायचाय ना. पण परत घ्यायचा नाहीये." त्यांनी चाक जोर लावून फिरवलं. कर्र आवाज झाला. "हा एम. मॅन्युअल. सगळं तुम्ही ठरवायचं. दोन-तीन महिने याच्यावरून हलू नका. मग या, आणि कुठं अडतंय ते सांगा. काय करता तुम्ही?"

"एक्स-रे काढतो."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि खळखळून हसल्या. "मग मला काय विचारता? छातीचा आणि बोटाचा एकाच सेटिंगवर काढता काय?"

थोरल्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण बाईंनी एका कागदावर तीन गोष्टी लिहून दिल्या, आणि त्या त्यांना लगेच समजल्या. एक, काचेतलं भोक किती उघडायचं. दोन, ते किती वेळ उघडं ठेवायचं, म्हणजे शटर. तीन, आत आलेल्या उजेडाला कॅमेऱ्यानं किती हळवं व्हायचं. त्यात पहिल्याची एक गंमत होती. आकडा लहान तितकं भोक मोठं. "इथंच सगळे घसरतात," बाई म्हणाल्या. "अंधारात आकडा खाली आणायचा, वर न्यायचा नाही. लक्षात ठेवा."

पहिले काही दिवस घरात नुसता गोंधळ. बायको खिडकीशी भाजी चिरत बसली की थोरले समोर. एक फोटो काळाकुट्ट, पुढचा पांढराफटक. "अहो, मी नक्की कुठं आहे?" ती स्क्रीनमध्ये डोकावून विचारायची. "मघाशी कोळशाच्या खाणीत होते, आता बर्फात." मग तिचे हात स्पष्ट आले तर सुरी हललेली, सुरी थांबली तर सगळ्यावर रवाळ कण. थोरल्यांनी एक वही केली. उजेड कुठून, आकडा किती, काय बिघडलं. हळूहळू त्यांचा हात न बघता चाकावर जाऊ लागला. बाहेर ढग आला की ते मनातल्या मनात बटणं फिरवायचे, जसं समोर रोगी उभा राहिल्यावर फिरवत आले होते. हळू शटरला हात हलू नये म्हणून श्वास धरायचा, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

सांगायला बरं वाटलं असतं की शिकता शिकता मत्सर विरला. तसं काही झालं नाही. उलट आता त्यांना धाकट्यांच्या फोटोतल्या चुका दुरूनच दिसायला लागल्या, आणि तरीही त्या फोटोंना बदाम जास्त पडतात हे जास्त झोंबायला लागलं. आपण घाम गाळायचा आणि कौतुक दुसऱ्याच्या पदरात पडायचं. "तो ऑटोवर काढतो," ते बायकोला म्हणत, "सगळं मशीन करतं."

"तुम्ही अकरा वर्षं कशावर काढत होतात?"

थोरल्यांनी वही उघडली.

चार महिन्यांनी सासऱ्यांनी काम बंद करायचं ठरवलं. त्यांचा पुस्तकबांधणीचा व्यवसाय, घराला लागूनच एक लांबट खोली. सरसाचा वास, कागद कापायचं अवजड यंत्र, एकच खिडकी. यंत्र विकलं जायच्या आधी त्याच्याजवळ उभं राहून फोटो हवा, असं ते म्हणाले, आणि दोन्ही जावयांना बोलावलं.

आधी धाकट्यांनी काढला. खोलीत उजेड कमी, त्यामुळं कॅमेऱ्यानं आपला आपणच फ्लॅश मारला. सासऱ्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. ते दरवेळी डोळे मिटायचे. फोटोत चेहरा पिठासारखा, मागं काळोख. पाच-सहा वेळा तेच. "राहू द्या, राहू द्या," सासरे डोळे चोळत म्हणाले.

मग थोरले पुढं झाले. जुना कॅमेरा, घासलेला पट्टा. त्यांनी सासऱ्यांना खिडकीकडे अर्धं वळवलं, आकडा खाली आणला, शटर हळू केलं, कोपर यंत्रावर टेकवलं आणि सवयीनं बोलून गेले, "श्वास घ्या. धरून ठेवा."

सासऱ्यांनी गाल फुगवून श्वास धरला. सगळे खो खो हसले. सासरेही हसले, आणि हसू ओसरताना त्यांचा हात यंत्राच्या दांड्यावर गेला. थोरल्यांनी तेवढ्यात बटण दाबलं.

तो फोटो पाहून सासरे खुर्चीत बसले. स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. मग थोरल्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "माझे हात असे दिसतात होय?"

थोरल्यांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी हळूच धाकट्यांकडे पाहिलं. पडलेला चेहरा बघायची त्यांची तयारी होती, खरं तर तोच बघायचा होता. पण धाकट्यांचे डोळे चमकत होते. "साडूभाऊ, कमाल केलीत! मला शिकवा ना हे. आठ महिने झाले, या कॅमेऱ्यावर चाळीस बटणं आहेत, मला भीती वाटते हो त्यांची. आई यायचीय पुढच्या आठवड्यात. गुडघ्यांमुळं चार वर्षांत आली नाही. तिचा असा एक काढायचाय मला."

थोरल्यांनी त्या काळ्याभोर कॅमेऱ्याकडे पाहिलं. हा शिकला तर? एवढं मोठं यंत्र आणि वर ही विद्याही, मग आपल्याकडे काय उरलं? हा विचार पुरता व्हायच्या आत तोंडातून शब्द गेले होते.

"सोपं आहे. ऑटोला हात लावायचा नाही. चाक एमवर. घरात अंधार असला की हा आकडा मोठा करायचा. सोळा, बावीस. जितका अंधार तितका मोठा."

"मोठा," धाकट्यांनी मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

पुढच्या गुरुवारी दवाखान्यात दोन रोग्यांच्या मध्ये फोन वाजला. "साडूभाऊ, आईला खिडकीशी बसवलंय. पण स्क्रीनवर सगळं काळंच दिसतंय हो. तुम्ही म्हणालात तसंच केलं."

बाहेर बाकावर हात झोळीत घातलेली एक बाई बसली होती. थोरले तिच्याकडे बघत राहिले. आकडा चारवर आणा. एवढंच म्हणायचं होतं. चार शब्दसुद्धा नाहीत.

"स्क्रीनवर जाऊ नका," ते म्हणाले. "ती फसवी असते. कॉम्प्युटरवर बरोबर दिसतील."

"बरं झालं विचारलं! मी उगाच घाबरलो."

त्या दिवशी थोरल्यांना पहिल्यांदा एक्स-रे परत काढावा लागला.

दहा दिवसांनी धाकटे थोरल्यांच्या घरी आले. हातात कॅमेऱ्यातलं कार्ड. "सगळे काळे आलेत," ते म्हणाले. "आई परत आपल्या घरी गेली सुद्धा. ती फोटो काढू देत नाही कधी. म्हणते, मी काही बघण्यासारखी राहिले नाही. त्या दिवशी मात्र तयार झाली, केस विंचरून बसली." मग हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "माझाच हात बसला नाही अजून. तुम्ही नीट सांगितलं होतं."

थोरल्यांना ऐकवेना. तोवर त्यांनी त्या माणसाच्या कॅमेऱ्याचा हेवा केला होता, कौतुकाचा केला होता. आता त्यांना हेवा वाटला तो त्याच्या मनाचा. फसवलं गेल्यावरसुद्धा आधी स्वतःची चूक शोधणारं मन आपल्याकडे कुठून येणार? आणि हा हेवा मागच्या सगळ्यांपेक्षा वाईट होता, कारण हे कुठल्या दुकानात मिळत नव्हतं.

"कार्ड राहू दे माझ्याकडे," एवढं ते म्हणाले.

दुकानवाल्या बाईंनी कॉम्प्युटरवर एकेक फोटो उजळून पाहिला. चाळीसातले तीन कसेबसे वर आले. कणकण, रंग उडालेले, पण चेहरा होता. एका म्हातारीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं.

"बावीसवर कुणी काढले हे?"

थोरल्यांनी सांगितलं. लपवलं नाही. बाईंनी चष्मा कपाळावर ढकलला. "चुकीचं शिकवायला सुद्धा किती बरोबर शिकलात," त्या म्हणाल्या, आणि तिन्ही फोटो छापून दिले.

ते पाकीट घेऊन थोरले थेट फरशांच्या दुकानात गेले. धाकटे नमुन्याच्या फरशांवरची धूळ पुसत होते.

"तुमचा फोन आला तेव्हा मला माहीत होतं," थोरले म्हणाले. "आकडा उलटा सांगितला होता. मुद्दाम."

धाकट्यांचा हात थांबला. "मुद्दाम?"

"हेवा वाटला."

"कशाचा? या कॅमेऱ्याचा?"

"आधी कॅमेऱ्याचा."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. धाकटे त्याला फरशा दाखवायला गेले. वीस मिनिटं थोरले पाकीट धरून उभे. परत आल्यावर धाकट्यांनी तिन्ही फोटो पाहिले, एकदा, मग पुन्हा. "तिला मी तीनदा जागा बदलून बसवलं," ते हळू आवाजात म्हणाले. "गुडघे दुखत असताना." आणि मग, "आज नको बोलूया. तुम्ही जा."

थोरले वाट बघत राहिले की आता घरात बभ्रा होणार. झाला नाही. धाकट्यांनी आपल्या बायकोला सुद्धा सांगितलं नाही. शेवटी थोरल्यांनीच आपल्या बायकोला सांगितलं. ती दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माझ्या बहिणीचं घर आहे ते. एवढं तरी आठवायचं होतं." ग्रुपवर धाकट्यांचा एकही फोटो येत नव्हता. इतके दिवस ते फोटो डोळ्यांत सलायचे, आता त्यांचं न येणं सलू लागलं.

सात आठवड्यांनी एका रविवारी सकाळी दारात धाकटे. आत न येताच म्हणाले, "आईला पुढच्या महिन्यात परत आणतोय. ते चाक दाखवा. या वेळी खरं."

थोरल्यांनी दाखवलं. वही सुद्धा हातात दिली, सगळी. धाकट्यांनी ती सोमवारी परत केली, आणि महिनाभरात त्यांना जे येऊ लागलं त्याला थोरल्यांना चार महिने लागले होते. काही माणसांना उजेड दिसतोच. वर्षभरात त्यांनी गोदामात फरशीची धूळ झाडणाऱ्या एका बाईचा फोटो काढला. वरून कवडसा, धूळ सोन्यासारखी. दुकानवाल्या बाईंनी तो आपल्या दर्शनी काचेत लावला.

थोरल्यांना तो कामावरून येताना दिसला. ते तिथंच थबकले. ओळखीची ती आग छातीत चढली, अगदी पूर्वीसारखी. मग ते आत गेले.

"हा कुणाचा?" त्यांनी विचारलं, माहीत असून.

"तुमच्या साडूंचा. चांगलं शिकवलंत." बाई हसत नव्हत्या. "तुम्हाला काय हवंय?"

या वेळी थोरल्यांना नंबर सांगावा लागला नाही. "कॅमेरा ठीक आहे. पण घरात संध्याकाळी माझी काच पुरेशी उघडत नाही. शटर हळू केलं की माणसं हलतात, हळवेपणा वाढवला की कण येतात. मोठ्या तोंडाची एक साधी लेन्स द्या. झूम नको."

बाईंनी खालच्या कप्प्यातून एक वापरलेली लेन्स काढली, बुटकी, मुठीएवढी. थोरल्यांनी ती घेतली.

ही बातमी धाकट्यांना कळली तेव्हा त्यांचा फोन आला. "साडूभाऊ, ती लेन्स माझ्या कॅमेऱ्याला बसते. एक रविवार द्याल? आई आलीय."

थोरल्यांनी टेबलावरच्या लेन्सकडे पाहिलं. अजून त्यांनी स्वतःच ती नीट वापरली नव्हती. "न्या," ते म्हणाले.

रविवारभर त्यांना चैन पडेना. दोनदा कपाट आवरलं. चार वाजता न राहवून त्यांनीच फोन लावला. "कसे आले?"

"झकास! आई स्वतः म्हणतेय, अजून एक काढ."

"वा," थोरले म्हणाले, आणि फोन ठेवून बायकोला सांगितलं की हे 'वा' आपण नुसतं तोंडदेखलं म्हटलं.

"कळलं मला," बायको म्हणाली, आणि त्यांच्यासाठी चहा टाकायला उठली.